पाण्याची जागा दोन फळ्या घेतात तेव्हा

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत 'एचएमएस व्हिक्टरी' हे लाकडी जहाज उभं आहे. १७६५ साली ते पाण्यात उतरलं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन याच जहाजावर होता आणि इथेच त्याने प्राण सोडला. तोफांचा मारा सोसूनही जहाज तरलं. १९२२ मध्ये मात्र ते कोरड्या गोदीत आणून ठेवलं आणि तिथे, कुणी हात न लावता, ते हळूहळू खचू लागलं. लेझरने बारकाईने मोजमाप केलं तेव्हा कळलं, की जहाजाचं लाकडी शरीर स्वतःच्याच वजनाने दरवर्षी सुमारे अर्धा सेंटिमीटर बसतंय. चाळीस वर्षांत वीस सेंटिमीटर.

कारण सापडलं ते जहाजाच्या खाली. २२ पोलादी पाळण्यांवर ते टेकवलेलं होतं आणि हे पाळणे सहा-सहा मीटर अंतरावर होते. पाळण्याच्या वरचा भाग दाबला जात होता आणि दोन पाळण्यांच्या मधला भाग झोळीसारखा लोंबत होता. शेवटी जहाजाखाली १३४ पोलादी टेकू बसवण्यात आले. प्रत्येक टेकूवर किती भार आला आहे हे मोजणारं उपकरणही त्यात आहे. हे काम २०२० मध्ये पुरं झालं. टेकूंची रचना करताना अभियंत्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न साधा होता. हे जहाज पाण्यात असतं, तर पाण्याने त्याला कुठे कुठे आणि किती किती उचलून धरलं असतं?

हाच प्रश्न अमेरिकेत आपली सोळा-अठरा फुटी बोट गाडीमागे ओढून तळ्यावर नेणाऱ्या प्रत्येकासमोर असतो, मग तो त्याच्या लक्षात आलेला असो वा नसो. तिथल्या बहुतांश बोटी २६ फुटांपेक्षा लहान, म्हणजे ट्रेलरवर मावणाऱ्या असतात. साडेआठ फुटांपर्यंत रुंदी असेल तर बहुतेक राज्यांत रस्त्यावरून न्यायला वेगळी परवानगी लागत नाही. त्यामुळे बोट बंदरात बांधून ठेवण्याऐवजी घराशेजारी ट्रेलरवर ठेवायची आणि शनिवार-रविवारी पाण्यात उतरवायची, ही रीत पडली. मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या राज्यात तळी महिनोन्‌महिने गोठलेली असतात. तिथली बोट वर्षाचा मोठा भाग ट्रेलरवरच काढते. उन्हाळ्यातही आठवड्याचे पाच दिवस ती ट्रेलरवरच. हिशेब केला तर अशा बोटीच्या आयुष्यात पाण्यावरचे तास मोजकेच भरतात. उरलेला सगळा काळ तिचा भार पेलतात त्या कापडाने मढवलेल्या दोन लांब फळ्या. या फळ्यांना बंक म्हणतात.

बोट विकत घेताना इंजिन, रंग, आसनं सगळं नीट पाहिलं जातं. बंककडे क्वचितच कुणी वाकून बघतं.

पाणी जे काम करतं ते आधी आकड्यांत बघू. इंजिन आणि इंधन धरून १,२०० किलो वजनाची फायबरग्लासची बोट घेऊ. पाण्याखाली असणारा तिचा तळ साधारण सात चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला सरासरी १७० किलोचा आधार पाणी देतं. तो कुठेही टोचत नाही, कारण पाणी तळाच्या प्रत्येक वळणाला चिकटून असतं. आता तीच बोट ट्रेलरवर घेऊ. तीन मीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्या. दोघींचं मिळून क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. आता दर चौरस मीटरला २,२०० किलोहून जास्त भार, म्हणजे पाण्याच्या तुलनेत जवळपास तेरापट. तोही फळ्या टोकापासून टोकापर्यंत तळाला टेकल्या असतील तर. फळी तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यातच टेकत असेल, तर आकडा आणखी तिप्पट होतो आणि त्या जागी तळ आत दबायला लागतो.

रस्त्यावर हे गणित अजून बिघडतं. खड्ड्यातून चाक गेलं की बोट क्षणभर हलकी होते आणि मग आपल्या वजनापेक्षा जास्त जोराने फळीवर आदळते. पाण्यात लाटांचे धक्के बसतात हे खरं, पण ते सोसण्यासाठीच तळ घडवलेला असतो. फळीच्या कडेचा धक्का त्याच्या घडणीत धरलेला नसतो.

तळाला हाडं असतात, आणि बंक लावताना सगळ्यात आधी ती कुठे आहेत हे शोधावं लागतं. फायबरग्लासची बोट बाहेरून एकसंध कवचासारखी दिसते, पण काचतंतू आणि राळेच्या त्या कवचाची जाडी सगळीकडे सारखी ताकद देत नाही. आतून तळाच्या लांबीला समांतर अशा उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांना आडवे छेद देणारे पडदे असतात. मधोमध कणा असतो. कोकणातले जुने होडीबांधे त्याला पठाण म्हणत. कडेला तळ आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो कोपराही मजबूत असतो. आणि सगळ्यात मागे ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिच्यावर टांगलेलं असतं ती उभी भिंत. या सगळ्यांच्या मधले जे सपाट भाग उरतात ते ढोलाच्या चामड्यासारखे असतात. बोटाच्या पेराने टकटक केलं तर फरक ऐकू येतो. स्ट्रिंगरवर आवाज बसका आणि भरीव येतो, मधल्या जागी पोकळ आणि मोकळा. बंक यायला हवा तो भरीव आवाजाच्या रेषेखाली. कारखान्याने बोटीबरोबर नकाशा दिला असेल तर मापं त्यातूनच घ्यावीत. नसेल तर आतून तळाचं झाकण उघडून, मधल्या कण्यापासून स्ट्रिंगर किती अंतरावर आहे ते मोजावं आणि तेच अंतर बाहेरून खडूने आखावं.

पुष्कळ बोटींच्या तळाला बाहेरून लांबट उंचवटे असतात. वेगात असताना बोट उचलायला आणि पाणी बाजूला फेकायला त्यांची मदत होते. फळीची कड या उंचवट्यावर अर्धवट चढलेली असेल, तर सगळा भार एका बारीक धारेवर येतो. बंक एक तर दोन उंचवट्यांच्या मधे पूर्ण सपाटीवर बसवावा, नाहीतर जागा बदलावी. खोली मोजणाऱ्या यंत्राचा तळाला लावलेला भाग आणि पाणी आत घेण्याची छिद्रंही अशीच चुकवावी लागतात.

आता मागच्या टोकाकडे येऊ, कारण सर्वांत महाग पडणारी चूक तिथे होते.

दीडशे अश्वशक्तीचं आजचं बाहेर टांगायचं इंजिन साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोचं असतं. ते ट्रान्समच्याही मागे लटकलेलं असतं. बॅटरी आणि बऱ्याचदा इंधनाची टाकीही मागेच. म्हणजे बोटीचा सर्वांत जड भाग अगदी शेवटी. अशा वेळी बंक ट्रान्समच्या एक वीत आधीच संपत असेल, तर तेवढा भाग हवेत राहतो आणि त्यावर दोनशे किलो लोंबतात. ट्रेलर दुसऱ्या बोटीसाठी बनवलेला आणि या बोटीला जुळवलेला असला, की हमखास असं होतं. पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही. दोन-तीन हंगामांनंतर फळीच्या टोकापाशी तळ किंचित वर दाबलेला आणि त्यामागे ट्रान्समकडे खाली झुकलेला आढळतो. बोटवाले याला 'हुक' म्हणतात.

सुसाट धावणारी बोट तळाच्या मागच्या भागावर तोललेली असते. तो भाग सरळ असायला हवा. मागची कड खाली झुकली, की धावतं पाणी तिथे आदळून बोटीची मागची बाजू वर ढकलतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबली जाते. बोट जास्त पाणी कापते, वेग घटतो, इंधन जास्त जातं, वळताना नाळ भरकटते. उलट प्रकारही होतो. तळाला मागे फुगवटा आला, तर नाळ वर उठते, आपटते, पुन्हा उठते. बोट डॉल्फिनसारखी उड्या मारत चालते. मालक इंजिन दुरुस्त करून घेतो, पंखा बदलतो, माणसांना पुढे-मागे बसवून बघतो. दीड मीटरची सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे तळाला लावून बघितली, तर मधली काही मिलिमीटरची फट खरं कारण सांगून जाते.

फायबरग्लास इतकं टणक असून वाकतं कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. काचतंतू सहसा ताणले जात नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारी राळ हे प्लास्टिकच आहे. प्लास्टिकवर थोडा पण सततचा भार राहिला, तर त्याचे रेणू एकमेकांवरून अगदी सावकाश सरकतात. पुस्तकांची फळी वर्षानुवर्षांत मधे झुकते, तसंच हे. ऊन लागलं की सरकणं वाढतं, आणि भार काढला तरी सरकलेलं सगळं परत येत नाही. पॉलिथिलीनच्या कयाकमध्ये तर हे एका दुपारी दिसतं. गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळून कयाक उन्हात ठेवली, की संध्याकाळी तिच्या पोटाला खळगा पडलेला असतो. ॲल्युमिनियमची बोट अशी सावकाश वाकत नाही. तिच्या पत्र्याला सरळ पोचा पडतो, किंवा रिव्हेटच्या रांगा सैल होऊन पाणी झिरपायला लागतं.

म्हणून बंक ट्रान्समच्या रेषेपर्यंत यायलाच हवा, दोन-तीन सेंटिमीटर मागे डोकावला तरी चालेल. ट्रेलरसंबंधी एकच गोष्ट तपासायला वेळ असेल, तर मागे जाऊन, गुडघे टेकून ही तपासावी.

लांबी ठरली की कोन. तळाला आडव्या छेदात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा उतार असतो. सपाट पाण्यावरच्या मासेमारीच्या बोटीत तो अगदी कमी असतो, समुद्रावर धावणाऱ्या बोटीत वीस अंशांच्या पुढे जातो. खोल 'व्ही'चा तळ लोकप्रिय केला तो अमेरिकन रचनाकार रे हंटने. त्याच्या आराखड्यावर बांधलेली 'मॉपी' नावाची बर्ट्राम बोट १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली आणि त्यानंतर जगभर तसे तळ बनू लागले. समुद्रासाठी उत्तम असलेला हा आकार ट्रेलरसाठी अवघड. हा उतार बोटीच्या लांबीभर एकसारखाही नसतो. मागे सौम्य आणि नाळेकडे जाताना तीव्र होत जातो. फळी मात्र सरळ. तिला मागच्या कोनात घट्ट बसवली, तर पुढे फक्त तिची कड टेकते. पुढच्या कोनात बसवली, तर मागे.

उपाय असा, की फळी पूर्ण आखडून बसवायची नाही. चांगल्या ट्रेलरवर बंक फिरत्या कंसांवर असतात. कंसाचे बोल्ट हातानेच, बेताने लावायचे, बोट अलगद वर घ्यायची, फळ्यांना तळाचा कोन स्वतः शोधू द्यायचा आणि मगच पाना फिरवायचा. पुढच्या बाजूला तळ जिथे फार वर वळतो, तिथे फळी ओढून-ताणून टेकवायचा हट्ट करू नये. तिथे बोटीचं वजनही कमी असतं.

फळी आडवी झोपवायची की तिच्या कडेवर उभी करायची, यावर बोटवाल्यांमध्ये वाद रंगतात. अमेरिकेत जिला 'दोन बाय चार' म्हणतात ती इमारती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. ती उभी लावली तर आडवीच्या मानाने जवळजवळ साडेपाच पट कमी वाकते, कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाने वाढतो. पण उभ्या फळीची तळाला टेकणारी रुंदी दीडच इंच. आडवी फळी साडेतीन इंच टेकते आणि थोडी लवून तळाचं वळणही घेते. मात्र तिच्याखालचे कंस एकमेकांपासून लांब असतील, तर ती मधे लवते आणि सगळा भार कंसांच्या डोक्यांवर येतो. म्हणजे पुन्हा व्हिक्टरीची गोष्ट, फक्त लहान आकारात. या वादाला फळीच्या बाजूने उत्तर नाही. ते कंसांच्या अंतरात आहे. आडवी फळी वापरायची तर कंस जवळजवळ घ्यावेत, आणि जड बोटीला साडेपाच इंच रुंदीची फळी घ्यावी. आधीच्या उदाहरणातल्या बोटीखाली तेवढी रुंद फळी आली, तर २,२०० चा आकडा १,४०० च्या आसपास उतरतो.

जड बोटींना चार बंक लावतात, दोन आत आणि दोन बाहेर. इथे वेगळी गोम आहे. तिवई कुठेही ठेवली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. चार पायांचं टेबल जमीन थोडी उंचसखल असली की डुगडुगतं, म्हणजे एका क्षणी त्याचे तीनच पाय काम करत असतात. चार बंकचंही तसंच होतं. एक बंक बोटाभर उंच राहिला तर तो शेजाऱ्याचा भार स्वतःवर घेतो आणि चार फळ्या लावल्याचं समाधान खोटं ठरतं. आतले दोन आधी बसवून भार त्यांच्यावर घ्यावा, मग बाहेरचे वर उचलत तळाला टेकवावेत. टेकले की नाही हे कळायला कागदाची पट्टी पुरते. फळी आणि तळ यांच्या मधे पट्टी सरकवून ओढून बघायची. जिथे ती सहज निसटते तिथे आधार नाही. जिथे फाटते तिथे आहे. दर वीतभर अंतरावर असं करत गेलं, की वीस मिनिटांत भाराचा नकाशा हाती येतो.

फळीऐवजी रोलर घेतले तर? रबरी चाकांवरून बोट झरझर सरकते, उथळ उतारावर चढवणं सोपं जातं, एकट्या माणसाला जमतं. पण सोळा रोलरवर १,२०० किलो म्हणजे प्रत्येकी ७५ किलो, आणि प्रत्येक रोलर टेकतो तो जेमतेम बोटभर पट्टीवर. रोज पाण्यात जाणाऱ्या आणि थोडाच वेळ ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला ते चालतं. सहा महिने हिवाळा काढणाऱ्या फायबरग्लासच्या बोटीला बंकच हवेत.

लाकडाच्या निवडीत एक सापळा आहे, आणि तो अनेकांना माहीत नसतो. बंक सतत भिजतात आणि सुकतात. म्हणून कुजू नये असं रसायन दाबून भरलेलं पाइन लाकूड वापरलं जातं. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत त्यासाठी क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण सर्रास चालत असे. आर्सेनिकच्या धोक्यामुळे घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं आणि त्याची जागा तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या रसायनांनी घेतली. लाकूड टिकतं, पण ॲल्युमिनियमच्या बोटीखाली हेच तांबं घातक. ओलं कापड मधे, वर ॲल्युमिनियम, खाली तांबं. दोन वेगळे धातू आणि मधे ओल आली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. मीठ असेल तर आणखी वेगाने. कापड उचलून बघावं तर तळाला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेले, काही आरपार गेलेले. ॲल्युमिनियमच्या बोटीसाठी साधं, रसायन न भरलेलं डग्लस फर वापरावं आणि काही वर्षांनी बदलावं, किंवा बंकच प्लास्टिकचे घ्यावेत.

फळी कंसाला जोडणाऱ्या बोल्टचं डोकं लाकडात चांगलं खोल बसवावं लागतं. आज कापडाखाली दडलेलं डोकं, कापड झिजल्यावर आणि लाकूड दबल्यावर, दोन वर्षांनी तळाला ओरखडत असतं. कापडाच्या पिनाही फळीच्या वरच्या अंगाला मारू नयेत. बाजूला किंवा खालून माराव्यात. खाऱ्या पाण्यात त्या गंजू नयेत म्हणून स्टेनलेस पोलादाच्या असाव्यात. दर हंगामाआधी फळीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. कापड चांगलं दिसतं आणि आतलं लाकूड चिखल झालेलं असतं, हा अनुभव बंकवाल्यांना नवा नाही.

काही जण कापडाऐवजी गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात. त्यांवरून बोट फार छान घसरते. इतकी, की उतारावर ट्रेलर मागे नेत असताना नाळेचा पट्टा लवकर सोडला तर बोट पाण्याआधी सिमेंटवर उतरते. अशा ट्रेलरवर बोटीचा मागचा भाग तरंगू लागेपर्यंत पट्टा आणि साखळी दोन्ही सोडायची नाहीत.

बंक बसले की बोट पुढे-मागे किती ठेवायची हे उरतं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा गाडीच्या हुकावर पडणारा भार बोटीसकट एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावा, असा बोटीच्या ट्रेलरसाठीचा सर्वसाधारण नियम. त्याहून कमी झाला, म्हणजे वजन चाकांच्या मागे गेलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही ओढत नेतो. भार वाढवायला बोट पुढे सरकवावी असं आधी मनात येतं. पण बोट वीतभर पुढे सरकली, की ट्रान्सम बंकच्या टोकापासून वीतभर पुढे येतो, आणि मागे सरकवली तर लटकतो. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. म्हणून आधी ट्रान्सम आणि बंक यांचं नातं पक्कं करावं, त्याप्रमाणे ट्रेलरच्या पुढचा, नाळ टेकवायचा खांब बसवावा, आणि मग भार जुळवायला ट्रेलरचा आस त्याच्या चौकटीवर पुढे-मागे घ्यावा. बहुतेक ट्रेलरवर आस बोल्टने जोडलेला असतो तो याचसाठी. खांबावरच्या रबरी टेकूखाली नाळेची कडी यावी, म्हणजे पट्टा ताणला की नाळ खाली धरली जाते आणि ब्रेक दाबल्यावर बोट वर चढत नाही.

शिडाच्या मोठ्या नौकांची तऱ्हा उलटी आहे. त्यांच्या पोटाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. जमिनीवर असताना जवळजवळ सगळं वजन त्या कण्यावर, खालच्या ठोकळ्यांवर टाकायचं असतं. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात. ते आतल्या आडव्या पडद्यांच्या रेषेत लावतात, आणि समोरासमोरचे दोन टेकू साखळीने एकमेकांना जखडतात, नाहीतर वाऱ्याने नौका थरथरली की ते बाहेर सरकतात.

भार चुकीच्या जागी गेला तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. ५ डिसेंबर २०१६ ला नौदलाच्या मुंबई गोदीत 'आयएनएस बेटवा' ही युद्धनौका कोरड्या गोदीतून बाहेर काढत असताना कलंडली आणि एका अंगावर आडवी झाली. दोन नौसैनिकांचे प्राण गेले. जहाज ज्या ठोकळ्यांवर बसलेलं होतं, त्या व्यवस्थेत बिघाड झाला असावा, असा नौदलाचा प्राथमिक अंदाज होता. गोदीत पाणी चढत असतानाचा काळ नाजूक असतो. जहाजाचं थोडं वजन पाण्याने उचललेलं असतं, थोडं अजून ठोकळ्यांवर असतं, आणि दोन्हींमधली वाटणी क्षणोक्षणी बदलत असते. ट्रेलरवरची बोट पाण्यात उतरतानाही हीच स्थिती येते. मागचा भाग तरंगतो आणि नाळ अजून फळीवर असते. तेवढ्या क्षणापुरता बराच भार एकाच जागी एकवटतो, म्हणून फळीचं पुढचं टोक गोल घासून, कापडाची दुहेरी घडी घालून ठेवतात.

कोकण किनाऱ्यावरही बोटी वर्षातून एकदा लांब मुक्कामाला जमिनीवर येतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत लहान होड्या पुळणीवर ओढून घेतल्या जातात. तिथे बंक नसतात, पण वाळू असते, आणि ती पाण्याची सर्वांत जवळची नातेवाईक. होडी वाळूत किंचित रुतली, की वाळू तळाच्या वळणाला भरून येते आणि भार आपोआप पसरतो. बाजूला लाकडाचे टेकू फक्त कलंडू नये म्हणून. जुन्या फळ्यांच्या होडीला हे पुरत असे. आता फायबरच्या होड्या सिमेंटच्या उतारावर दोन ओंडक्यांवर किंवा टायरांवर ठेवलेल्या दिसतात, तेव्हा मिनेसोटातल्या ट्रेलरचा प्रश्न तिथेही लागू होतो. दोनच टेकू असतील तर ते आतल्या आडव्या पडद्यांखाली हवेत, आणि इंजिन काढून ठेवलेलं बरं.

पावसाची भर निराळी. दहा चौरस मीटर उघड्या होडीत दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर हजार लिटर पाणी साचतं. ते म्हणजे एक टन. रत्नागिरीत असा दिवस मोसमात दुर्मीळ नसतो. होड्या पूर्वी माडाच्या झापांनी शाकारत, आता प्लास्टिकने झाकतात, ते फक्त लाकूड-रंग वाचवायला नाही. झाकण फाटलं आणि बुडाचं बूच बंद राहिलं, तर रिकाम्या होडीसाठी लावलेल्या टेकूंवर दुप्पट-तिप्पट भार येतो. ट्रेलरवरच्या बोटीलाही हाच धोका. म्हणून बूच काढून, नाळ थोडी उंच ठेवून, पाणी मागे वाहून जाईल असं बघतात.

नवे बंक बसवल्यानंतर पहिल्या प्रवासात साठ-सत्तर किलोमीटरवर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. लाकूड तोवर दबलेलं असतं. मग बोट पाण्यात उतरवल्यावर रिकाम्या ट्रेलरकडे नीट बघावं. फळीवरचं कापड जिथे दाबलं गेलं आहे तिथे त्याचे धागे निजलेले दिसतात. ती पट्टी मागच्या टोकापासून पुढपर्यंत सलग आणि सारख्या रुंदीची असेल, तर जुळणी बसली. मधे एखाद्या जागी धागे ताठ उभे असतील, तर तिथे खालच्या कंसाचा बोल्ट सैल करून, फळी थोडी वर घेऊन, बोट परत चढवून बघायची.